वारंवार निराधार दावे करणाऱ्यावर न्यायालयाचे निर्बंध कसे मागावेत : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा), पांदण रस्त्याचा किंवा वडिलोपार्जित वावराच्या वाटणीचा वाद एकदा निकाली निघाल्यावरही तोच माणूस दर एक-दोन वर्षांनी तोच वाद नव्या मथळ्याखाली न्यायालयात आणतो, आणि समोरच्याला पुन्हा वकीलपत्र, पुन्हा पेशी, पुन्हा तालुक्याची फेरी सुरू होते. विदर्भातील बहुतेक गावांत असे एखादे प्रकरण सापडते. अशा पक्षकाराला आवर घालणाऱ्या तरतुदी कायद्यात आहेत. परंतु त्या वापरताना लोक क्रम चुकवतात. कुणी पहिल्याच पेशीला तालुका न्यायालयात ‘याला यापुढे केस करण्यास बंदी करावी’ असा अर्ज देतो, जो अधिकार त्या न्यायालयाला नसतो. कुणी सूड म्हणून उलट चार तक्रारी ठोकतो आणि स्वतःच त्याच रांगेत जाऊन बसतो.

पुढील सगळे टप्पे एका गोष्टीवर उभे आहेत. न्यायाधीशांसमोर समोरच्याचा स्वभाव सिद्ध करायचा नसून त्याच्या आधीच्या प्रकरणांचा शेवट काय झाला, हे कागदाने सिद्ध करायचे असते.

टप्पा १ : प्रकरण खरोखर या वर्गात बसते का, हे आधी ठरवा

महाराष्ट्रात यासाठी ‘महाराष्ट्र व्हेक्सेशियस लिटिगेशन (प्रिव्हेन्शन) ॲक्ट, १९७१’ हा स्वतंत्र कायदा आहे. एखादी व्यक्ती सवयीने आणि वाजवी कारणाशिवाय त्रासदायक दिवाणी किंवा फौजदारी कारवाया दाखल करते, अशी उच्च न्यायालयाची खात्री झाली, तर त्या व्यक्तीला म्हणणे मांडण्याची संधी देऊन, ‘पूर्वपरवानगीशिवाय नवी कारवाई दाखल करू नये’ असा आदेश उच्च न्यायालय देऊ शकते. यासाठीचा अर्ज राज्याचे महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे सर्वोच्च विधी अधिकारी, करतात. गावातला त्रस्त माणूस किंवा ग्रामपंचायत तो थेट करू शकत नाही.

यात ‘सवयीने’ आणि ‘वाजवी कारणाशिवाय’ या दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. केस हरणे म्हणजे केस निराधार असणे नव्हे. तालुक्यात हरलेल्याने जिल्हा न्यायालयात अपील करणे हा त्याचा हक्क आहे, त्यामुळे एका दाव्यातून निघालेली अपिले स्वतंत्र प्रकरणे म्हणून मोजून आकडा फुगवू नका. ज्या दाव्यात त्याला निशाणी ५ च्या (तात्पुरत्या मनाईसाठीच्या) अर्जावर मनाई हुकूम मिळाला होता, त्या दाव्यात किमान एका न्यायाधीशाला प्रथमदर्शनी काहीतरी तथ्य दिसले होते. असा दावा यादीत जरूर ठेवा, परंतु त्याला निराधार म्हणण्याआधी अंतिम निकाल नीट वाचा.

*तपासा :* तुम्ही स्वतः त्याच माणसाविरुद्ध किती प्रकरणे दाखल केली आहेत? त्याची आठ आणि तुमची सात असतील, तर न्यायालयाला त्यात भाऊबंदकी दिसेल, एकाचा त्रास दिसणार नाही.

टप्पा २ : सर्व प्रकरणांची एकच यादी करा

हे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच लोक ते वकिलावर सोडतात आणि वकील ते कारकुनावर सोडतो. ते घरी बसून स्वतः करावे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो, आणि प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. एकदा तो मिळाला की पुढचा मागोवा सोपा होतो.

नाव एकाच पद्धतीने टाकून थांबू नका. आडनावाची वेगवेगळी स्पेलिंगे, वडिलांचे नाव आधी किंवा नंतर, ‘ऊर्फ’ असलेली नावे, असे सर्व प्रकार पाहावेत. त्याच वावरासाठी त्याच्या भावाने, पत्नीने किंवा मुखत्याराने दाखल केलेले दावेही शोधावेत, परंतु ते वेगळ्या रकान्यात ठेवावेत. कारण १९७१ च्या कायद्याखालील आदेश एका व्यक्तीविरुद्ध होतो, तिच्या घराण्याविरुद्ध नव्हे. जुनी प्रकरणे संगणकावर नसतील, तर तुमच्या जुन्या वकिलांच्या फाइलींतून किंवा न्यायालयातील नोंदवहीतून त्यांचे क्रमांक काढावे लागतात.

यादीचे रकाने असे ठेवा : न्यायालय, प्रकरण क्रमांक आणि सीएनआर, दाखल तारीख, मिळकतीचा गट क्रमांक, नेमकी मागणी एका ओळीत, शेवट कसा झाला, खर्चाचा आदेश झाला का, आणि अपिलात काय झाले. ‘शेवट कसा झाला’ या रकान्यात फक्त ‘खारीज’ असे लिहिणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. गुणवत्तेवर खारीज, वादी गैरहजर म्हणून खारीज, पुरसिस (न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन) देऊन मागे घेतला, मुदतबाह्य म्हणून दावाअर्ज नामंजूर, आपसी तडजोड, या पाचही गोष्टींचे कायदेशीर परिणाम वेगळे आहेत आणि टप्पा ४ मधील तुमची हरकत त्यावरच ठरणार आहे.

महसुली प्रकरणांचा तक्ता वेगळा करा. फेरफारावरील हरकत, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खालील अपील, तहसीलदारांसमोरचे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खालील रस्ता-अडथळ्याचे प्रकरण, ही सर्व त्रासाची पार्श्वभूमी दाखवतात. मात्र दिवाणी आणि फौजदारी प्रकरणांच्या संख्येत ती मिसळली की समोरचा वकील पहिल्याच प्रश्नाला तुमचा आकडा खोटा ठरवतो.

*सावधान :* माहितीच्या अधिकाराखालील अर्ज, पोलीस ठाण्यातील तक्रारी, ग्रामसभेतील आरोप आणि ‘आपले सरकार’वरच्या तक्रारी म्हणजे न्यायालयीन कारवाया नव्हेत. त्यांचा ताप खरा असला तरी त्या या यादीत घेऊ नका.

टप्पा ३ : प्रमाणित नकला काढा, आणि फक्त निकालाच्या काढून थांबू नका

न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित नकला मिळतात. बहुतेक लोक निकालपत्राची तेवढी नक्कल काढतात आणि समाधानी होतात. परंतु तोच वाद पूर्वी निकाली निघाला होता हे दाखवायचे असेल, तर आधीच्या दाव्यातील दावाअर्ज, लेखी जबाब, काढलेले मुद्दे, निकालपत्र आणि हुकूमनामा असा पूर्ण संच लागतो. दोन्ही दाव्यांत कोणता प्रश्न थेट वादात होता, हे निकालाच्या शेवटच्या परिच्छेदावरून नव्हे, तर दोन्ही बाजूंच्या कथनांवरून ठरते.

दावा गैरहजेरीत खारीज झाला असेल, तर त्या तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची न्यायालयीन नोंद, हवाच. त्या दिवशी प्रतिवादी हजर होता की नाही, हे रोजनाम्यावरूनच कळते आणि पुढची हरकत त्या एका ओळीवर अवलंबून असते. दावा मागे घेतला असेल, तर पुरसिस आणि त्यावरचा आदेश दोन्ही काढा. ‘नवा दावा दाखल करण्याच्या मुभेसह’ असे शब्द आदेशात आहेत का, ते पाहा. निकाली प्रकरणांतील कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात, म्हणून जुन्यात जुन्या प्रकरणाची नक्कल सर्वांत आधी मागावी.

टप्पा ४ : चालू दाव्यात योग्य हरकत योग्य वेळी घ्या

बरेच जण चालू दावा दुर्लक्षून मोठ्या आदेशाच्या मागे लागतात. चालू दाव्यातच हरकत घेऊन तो लवकर संपवणे हा पहिला उपाय आहे, आणि पुढे महाधिवक्त्यांकडे जायचे झाल्यास तोच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी जबाब द्यायचा असतो. कारणे नोंदवून न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत नेऊ शकते. ‘पुन्हा तेच आहे, काय उत्तर द्यायचे’ म्हणून जबाबच न देणारे लोक जिंकलेला वाद हरतात. आधीच्या दाव्यांची माहिती जबाबात स्वतंत्र परिच्छेदात, क्रमांक, तारीख आणि शेवट यांसह लिहावी, कारण जे कथनात नाही त्यावर नंतर पुरावा देता येत नाही.

कोणत्या शेवटाला कोणती हरकत लागते, ते दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये असे आहे. तोच मुद्दा त्याच पक्षकारांत, किंवा त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांत, सक्षम न्यायालयाने गुणवत्तेवर ठरवला असेल, तर कलम ११ म्हणजे रेस ज्युडिकेटा (एकदा ठरलेला वाद पुन्हा चालवता येत नाही, हे तत्त्व) लागू होते; आधीच्या दाव्यात घेता आला असता पण घेतला नाही असा मुद्दाही त्यात येतो. आधीचा दावा अजून प्रलंबित असेल, तर कलम १० खाली नंतरचा स्थगित करण्याची मागणी करावी. वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असताना दावा खारीज झाला असेल, तर आदेश ९ नियम ९ प्रमाणे त्याच कारणावर नवा दावा करता येत नाही. मुभा न घेता मागे घेतला असेल, तर आदेश २३ नियम १ आडवा येतो. एकाच कारणातून निघालेली मागणी तुकड्यातुकड्यांनी मागितली असेल, तर आदेश २ नियम २ दाखवावा.

आता वकिलांकडूनही होणारी एक चूक पाहू. आदेश ७ नियम ११ खाली दावाअर्ज सुरुवातीलाच नामंजूर करण्याचा अर्ज सर्रास दिला जातो आणि त्यात रेस ज्युडिकेटाचा मुद्दा घातला जातो. त्या अर्जावर न्यायालय फक्त दावाअर्ज आणि त्यासोबतचे कागद पाहते, तुमचा जबाब किंवा तुमच्या नकला पाहत नाही. रेस ज्युडिकेटा ठरवायला आधीच्या दाव्यातील कथने, मुद्दे आणि निकाल तपासावे लागतात, म्हणून साधारणपणे तो प्रश्न नियम ११ च्या अर्जावर सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. दावाअर्ज वाचूनच मुदतबाह्यता किंवा कारणाचा अभाव दिसत असेल, तर नियम ११ वापरा. बाकी वेळी आदेश १४ नियम २ खाली प्राथमिक मुद्दा काढण्याची मागणी करा. चुकीचा अर्ज फेटाळला गेला, तर समोरचा तो आदेश ‘माझ्या दाव्यात तथ्य आहे’ म्हणून गावभर दाखवतो.

*तपासा :* तुमच्या जबाबात ‘दावा खोटा आणि त्रासदायक असल्याचे वादीला माहीत आहे’ ही हरकत शब्दांत लिहिली आहे का? टप्पा ६ मधील नुकसानभरपाईसाठी ती लागते.

टप्पा ५ : कॅव्हेट पेरणीचा हंगाम पाहून दाखल करा

आपल्याकडे मनाई हुकमाचे अर्ज अनेकदा मे अखेरीस किंवा जूनमध्ये येतात, कारण त्या दिवसांत रस्ता आठ दिवस अडला तरी बी-बियाणे वावरात पोहोचत नाही आणि समोरचा नमते घेतो. तुमचे म्हणणे न ऐकता आदेश होऊ नये, यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल करता येते.

कॅव्हेट दाखल तारखेपासून ९० दिवसच टिकते. फेब्रुवारीत दाखल केलेले कॅव्हेट जूनमध्ये उपयोगाचे नसते. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दाखल केल्यास पेरणी आणि डवरणीचा बराच काळ झाकला जातो. ज्या न्यायालयात दावा येण्याची शक्यता आहे तेथेच ते दाखल करावे, आणि संभाव्य अर्जदाराला त्याची नोटीस पोचपावतीसह टपालाने पाठवून पावती जपून ठेवावी. ही नोटीस तोंडी सांगून भागत नाही.

टप्पा ६ : प्रत्येक निकालात खर्च मागा

दावा खारीज झाल्याच्या आनंदात लोक खर्चाचा विषय सोडून देतात. पुढे ‘याने वारंवार त्रास दिला’ असे म्हणताना एकाही निकालात खर्चाचा आदेश नसेल, तर ‘एकाही न्यायाधीशाला हे त्रासदायक वाटले नाही का’ हा प्रश्न हमखास येतो.

त्याच संहितेच्या कलम ३५ खाली प्रत्यक्ष खर्च मागता येतो. त्यासाठी वकील फीची पावती, नकलांचा खर्च आणि साक्षीदारांचा प्रवासखर्च यांचा तक्ता युक्तिवादापूर्वी द्यावा. दावा खोटा किंवा त्रासदायक असल्याची हरकत घेतलेली असेल, तर कलम ३५अ खाली नुकसानभरपाई मिळू शकते. तिची कमाल मर्यादा मात्र ३,००० रुपये आहे आणि अपिलात ती तरतूद लागू होत नाही. रक्कम फार लहान आहे हे खरे, पण न्यायाधीशांनी लेखी नोंदवलेले ‘त्रासदायक’ हे मत पैशापेक्षा अधिक उपयोगी पडते. समोरचा फक्त तारखा वाढवत असेल, तर कलम ३५ब खाली खर्च मागावा. तो पुढील तारखेला भरला नाही, तर त्याला कारवाई पुढे चालवता येत नाही.

टप्पा ७ : फौजदारी तक्रारींना वेगळे हाताळा

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू आहे. तिच्या कलम २२३ प्रमाणे खासगी तक्रारीची दखल घेण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांनी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यायची असते. ही नोटीस आली की ‘अजून केस लागली नाही’ म्हणून घरी बसू नका, कारण आधीच्या तक्रारींचे निकाल दाखवून प्रकरण दाराशीच थांबवण्याची जागा हीच आहे.

तक्रार पूर्णपणे निराधार ठरून सुटका झाली, तर कलम २७३ खाली ‘आरोपीला नुकसानभरपाई का देऊ नये’ अशी विचारणा न्यायदंडाधिकारी तक्रारदाराकडे करू शकतात. ही मागणी युक्तिवादातच करावी, कारण ती प्रक्रिया सुटकेच्या आदेशासोबत सुरू होते. तक्रार मुळातच कायद्याच्या गैरवापराची असेल, तर कलम ५२८ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे ती रद्द करण्याचा अर्ज करता येतो.

*सावधान :* न्यायालयात खोटा पुरावा किंवा खोटी मागणी केल्याबद्दल (भारतीय न्याय संहिता, कलमे २२९ आणि २४६) तुम्ही स्वतः थेट तक्रार दाखल करू शकत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली त्याच न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. खोटेपणा कागदावर स्पष्ट दिसत असेल तेव्हाच हा मार्ग घ्या. साक्षीदाराच्या शब्दावर उभा केलेला असा अर्ज बहुधा तुमच्याच वेळेचा अपव्यय ठरतो.

टप्पा ८ : महाधिवक्त्यांकडे निवेदन

वरील टप्प्यांतून किमान काही अंतिम निकाल, त्यांतील खर्चाचे आदेश आणि न्यायाधीशांची मते हाती आल्याशिवाय या टप्प्यावर येऊ नये. निवेदन महाराष्ट्र राज्याच्या महाधिवक्त्यांना उद्देशून करायचे असते. त्याच्या पहिल्या दोन पानांत पूर्ण चित्र यावे : व्यक्ती कोण, मूळ वाद काय, तो कोणत्या निकालाने संपला, त्यानंतर किती कारवाया झाल्या, प्रत्येकीचा शेवट काय. त्यामागे टप्पा २ चा तक्ता, आणि तक्त्यातील क्रमांकानेच लावलेल्या नकला जोडाव्यात. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, म्हणून मराठी आदेशांची इंग्रजी भाषांतरे आधीच करून ठेवा.

निवेदनात विशेषणे नकोत. ‘हा गावगुंड आहे, याने गावाचे वाटोळे केले’ असे वाक्य दिसले की वाचणाऱ्याला वैयक्तिक वैर दिसते. त्याऐवजी ‘क्रमांक ४ च्या दाव्यातील परिच्छेद ३ मधील कथन क्रमांक १ मध्ये नाकारले गेले होते’ अशी वाक्ये लिहा. ग्रामपंचायत किंवा सेवा सहकारी सोसायटी निवेदन करत असेल, तर त्यासंबंधीचा ठराव जोडावा. सरपंचाच्या लेटरहेडवरचे पत्र पुरेसे नाही. अर्ज करायचा की नाही, हे महाधिवक्ता ठरवतात. त्यामुळे निवेदन दिले म्हणून चालू दाव्यातील एकही पेशी सोडू नये.

महिला, तसेच अनुसूचित जाती आणि जमातींतील पक्षकार यांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. तालुका समितीमार्फत अर्ज करता येतो, आणि हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.

टप्पा ९ : आदेश झाल्यानंतर

आदेश म्हणजे न्यायालयाची दारे बंद होणे नव्हे. आदेशात सांगितलेल्या न्यायालयाची परवानगी घेऊन तो माणूस नवा दावा करू शकतो, आणि त्याच्यावर कुणी दावा केला तर बचावही करू शकतो. गावात ‘याला कोर्टबंदी झाली’ असा प्रचार करून त्याच्या वावरात घुसणारे लोक त्याला परवानगी मिळण्याचे उत्तम कारण पुरवतात.

आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवा. परवानगीशिवाय नवी कारवाई आली, तर पहिल्याच तारखेला ती प्रत दाखवून कारवाई फेटाळण्याची मागणी करा. आदेशाच्या वेळी प्रलंबित असलेल्या प्रकरणांबाबत आदेशात काय म्हटले आहे, ते स्वतंत्रपणे वाचा आणि त्या त्या न्यायालयात पुरसिसने कळवा. न्यायालये ही माहिती आपोआप एकमेकांना देतील, असे गृहीत धरू नका.

टप्पा १० : आदेश तुमच्याविरुद्ध असेल तर

ही बाजूही लिहिणे आवश्यक आहे, कारण अशा आदेशाखाली असलेल्या माणसाची जमीन खरोखर कुणी हडपू शकते. महाधिवक्त्यांच्या अर्जाची नोटीस आल्यावर हजर राहणे सोडू नका. प्रत्येक जुन्या प्रकरणामागे त्या वेळी कोणता कागद किंवा कोणती घटना होती, हे तारखेसह मांडा. मिळालेले मनाई हुकूम, अंशतः मंजूर झालेले दावे आणि अपिलातील यश पुढे आणा.

आदेश झाल्यानंतर नवा हक्कभंग झाला, तर आधी परवानगीचा अर्ज द्या आणि मगच दावा दाखल करा. त्या अर्जात जुन्या वादाचा पाढा वाचू नका. नवे काय घडले, केव्हा घडले, त्याचा पुरावा कोणता, आणि आधीच्या कोणत्याही निकालाने हा प्रश्न का सुटलेला नाही, एवढेच लिहा. भूमी अभिलेख कार्यालयाची नवी मोजणी, ताजा सातबारा किंवा आदेशानंतरचा नोंदणीकृत दस्त जोडल्यास अर्ज वजनदार होतो. मुदतीचे दिवसही मोजत राहा : मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खालील रस्ता-अडथळ्याचे प्रकरण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दाखल व्हावे लागते, म्हणून परवानगी लागेल की नाही, हा प्रश्न वकिलाला अडथळा झाला त्याच आठवड्यात विचारावा.